चौसष्ट चित्रांची मॅडम

बहरीनमध्ये इंग्रजी येणारे ढिगाने सापडतील, पण दुसऱ्याच्या तोंडून इंग्रजी काढणारी स्मिता एकच. भोसरीच्या महापालिकेच्या शाळेत शिकलेली बाई, आणि तिच्यासमोर खांद्यावर चार-चार पट्ट्या लावणारे कॅप्टन वही उघडून मुकाट बसायचे. मोठ्या मोठ्या इंग्लिश मीडियमवाल्यांना हे जमलं का? नाही जमलं.

घरात तिच्यावर एक थोरला भाऊ, शैलेंद्र. वडील अचानक गेले तेव्हा त्याने दहावीवर शाळेला रामराम ठोकला, आयटीआय केलं आणि बहिणीला बी.ए. केलं. आज तो अस्करच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या कारखान्यात क्रेन चालवतो. वीस वर्षांत त्याच्या हुकावरून एक खिळा कधी खाली पडलेला नाही, विचारा कुणालाही. स्मिताने लग्न केलं नाही. का केलं नाही ते विचारायची हिंमत नातेवाइकांत कुणाला झाली नाही, कारण मधे थोरला उभा होता.

भोसरीत ती दहावीचे क्लास घ्यायची. मागच्या दहा वर्षांचे पेपर समोर पसरायचे, कुठला प्रश्न किती वेळा आला ते बघायचं आणि अपेक्षित काढायचे, ही तिची खासियत. एक तारा म्हणजे येईल. दोन तारे म्हणजे येणारच. तीन तारे म्हणजे हे केलं नसेल तर परीक्षेला जाऊच नका. पोरं तिची उत्तरं जशीच्या तशी घोकायची आणि पास व्हायची. बाहेर आल्यावर त्यातल्या एका वाक्याचा अर्थ विचारला तर तोंडाकडे बघत राहायची, पण पास व्हायची. परीक्षा सुटली की स्मिता गेटवर उभी. काय आलं, कसं आलं, सगळं वहीत उतरवून घ्यायची. पुढच्या वर्षीची तयारी तिथेच सुरू.

आठ वर्षांपूर्वी शैलेंद्रने तिला इकडे आणलं. झिंजमध्ये एका कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे इथल्या किराणा दुकानाच्या, वर दोन खोल्यांचं एक सेंटर होतं, मालक इमाद. तिथे तिला नोकरी लागली. काम असं की ऐकूनच छाती फुगावी. विमान चालवणाऱ्यांना आणि टॉवरमध्ये बसून विमानांना वाट दाखवणाऱ्यांना इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते. सहा पायऱ्या असतात; चौथी गाठली नाही तर आपल्या देशाबाहेर उडता येत नाही. चढ, उतर, थांब, वळ, हे ठरलेले हुकूम सगळ्यांना येतातच. परीक्षा असते ती त्याच्यापलीकडची. केबिनमध्ये धूर झाला, प्रवाशाला झटका आला, धावपट्टीवर कुत्रं शिरलं, तर हा माणूस आपल्या मनाने दोन वाक्यं बोलू शकतो की नाही. समोर एक चित्र ठेवतात आणि म्हणतात, बोल. ते बोलणं रेकॉर्ड होऊन परदेशातल्या एका बोर्डाकडे जातं आणि तिथे मार्क पडतात.

इमादच्या सेंटरमध्ये सकाळी शिकवायची ती स्मिता, आणि दुपारी परीक्षेला टेबलापलीकडे चित्र पुढे सरकवायची तीही स्मिताच. यात काही गैर आहे असं कुणाला वाटलं नाही. इमादचा एक पगार वाचला, बोर्डाची माणसं कधी फिरकली नाहीत, आणि स्मिताला तर भोसरीचा क्लासच उचलून इथे ठेवल्यासारखं वाटलं. उमेदवार बाहेर आला की ती जुन्या सवयीने विचारायची, काय आलं? खरं तर चित्र तिने स्वतःच्या डोळ्यांनीच पाहिलेलं असायचं. दहा महिन्यांनी तिच्या लक्षात आलं की नवीन चित्र येतच नाही. बोर्डाकडे एकूण चित्रं चौसष्ट. तीच फिरवून फिरवून पाठवतात.

मग काय. तिने चौसष्ट उत्तरं लिहिली. सुरेख, वळणदार. प्रत्येक उत्तर ‘इन धिस पिक्चर आय कॅन सी’पासून सुरू आणि शेवटी ‘थँक्यू फॉर युवर काइंड को-ऑपरेशन’. त्या शेवटाने वेळही भरतो आणि ऐकणाऱ्यावर छापही पडते, हे तिचं गणित. झेरॉक्स काढून, गुलाबी कव्हर लावून, तारे मारून पुस्तिका तयार. त्यानंतर सेंटरचा एक माणूस नापास झाला नाही. चार देशांतून लोक यायला लागले. इकडे शैलेंद्रने कारखान्यात प्रत्येक शिफ्टला सांगून ठेवलं होतं की तुम्ही ज्या विमानाने गावी जाता ना, त्याच्या पायलटला आमच्या घरच्या मुलीने बोलायला शिकवलंय.

फराज हा तिचा लाडका विद्यार्थी. मालवाहू विमानं चालवणारा कॅप्टन, चाळिशीचा, हसरा, दर वेळी हलव्याचा डबा घेऊन येणारा. तो कुठल्या देशाचा आणि कुठल्या कंपनीचा ते इथे सांगायचं कारण नाही. विमान उडवण्यात तयार, पण इंग्रजी बोलायची वेळ आली की दातखीळ. स्मिता त्याला हिंदीतून इंग्रजी शिकवायची. समजलं नाही तर काय करू, असं त्याने पहिल्याच दिवशी विचारलं. ती म्हणाली, रट लो. त्याने चौसष्टच्या चौसष्ट पाठ केली आणि चौथी पायरी गाठली. त्या दिवशी तो जिन्यात वाकून तिच्या पाया पडला होता.

मार्च महिन्यातली गोष्ट. सकाळी सेंटरमध्ये करक चहाचे कप फिरत होते आणि उमेदवारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक रेकॉर्डिंग येऊन पडलं. दुसऱ्याच एका देशातल्या छोट्या विमानतळावरचं टॉवरचं आणि विमानांचं बोलणं. कुणीतरी नेटवर टाकलेलं, खाली काय काय घडलं ते लिहिलेलं. धुळीचं वादळ, समोरचं दिसत नाही. एक मालवाहू विमान उतरलं, पण धावपट्टीवरून बाहेर पडायचं वळण त्याला सापडलं नाही, आणि ते पट्टीवरच थांबलं. टॉवरवाल्याला खिडकीतून धुळीशिवाय काही दिसेना. त्याने विचारलं, वळण चुकलास का? आत्ता कुठे आहेस? उजव्या हाताला काय दिसतंय ते सांग मला.

दोन सेकंद खरखर. मग एक आवाज, ठणठणीत, कुठेही न अडखळता.

“सर, वी हॅव सक्सेसफुली व्हेकेटेड द रनवे थ्रू द निअरेस्ट टॅक्सीवे अँड वी डू नॉट रिक्वायर एनी फर्दर असिस्टन्स. थँक्यू फॉर युवर काइंड को-ऑपरेशन.”

म्हणजे, साहेब, आम्ही धावपट्टी सोडली, आता काही मदत नको. टॉवरवाल्याने मागच्या विमानाला उतरायची परवानगी दिली. त्यात दीडशेच्या वर माणसं, चाकं टेकायच्या बेतात, आणि त्या पायलटला धुळीत समोर एक लाल दिवा लुकलुकताना दिसला. त्याने विमान तसंच वर खेचलं. दोघांमध्ये तीन मजली इमारतीएवढं अंतर राहिलं होतं म्हणतात.

स्मिताच्या हातातला कप हातातच राहिला. आवाज फराजचा होता, ते तिने ओळखलंच. पण वाक्य? सतरा नंबरचं चित्र, टायर फुटलेलं विमान, तीन तारे. स्वल्पविरामासकट तिचं. कॅप्टन घाबरला, प्रश्नातलं ‘वळण’ तेवढं त्याच्या कानाला लागलं, आणि पाठ केलेलं बाहेर पडलं. शेजारी बसलेला दुसरा पायलट नवखा, तो कॅप्टनपुढे तोंड उघडेना. फराज अडखळला असता, चुकीचं बोलला असता, तर टॉवरवाल्याला शंका आली असती. इतकं झकास इंग्रजी ऐकल्यावर शंका कशाला येईल?

ग्रुपवर लोक त्या आवाजाची टर उडवत होते. हसणारे चेहरे टाकत होते. त्या हसणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या बॅगेत तिची गुलाबी पुस्तिका होती, आणि त्यातल्या एकालाही ते वाक्य ओळखू आलं नव्हतं. पाठ केलेलं त्यांना ऐकूनही कळत नव्हतं. याची तिला सगळ्यांत जास्त किळस आली.

शुक्रवारी ती शैलेंद्रकडे जेवायला गेली आणि ताटावर बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. थोरल्याने जेवण थांबवलं नाही. त्याच्या मते यात हिचा काही संबंधच नव्हता.

“विमान तू चालवत होतीस का?”

“नाही.”

“टॉवरमध्ये तू बसली होतीस?”

“दादा, तो माझ्या तोंडाने बोलत होता.”

“मग काय झालं? वकिलाने लिहून दिलेलं लोक कोर्टात बोलतातच की.”

तिने ताट बाजूला सारलं. म्हणाली, तुझ्या क्रेनखाली एक माणूस हाताने खुणा करत असतो ना. त्याला खुणा नुसत्या पाठ असल्या, कुठली कशाची ते ठाऊकच नसलं, तर तू काय करशील?

“त्याला मी खाली उभाच करणार नाही. हाकलून देईन,” शैलेंद्र म्हणाला. मग त्याचा घास तोंडातच थांबला. आपण काय बोललो ते त्याला कळलं. थोरला कमी शिकलेला असेल, बिनडोक नाही.

आता प्रश्न एवढाच होता की ती बोर्डाला कळवणार की गप्प बसणार. कळवलं तर नोकरी जाणार, व्हिसा सेंटरचा म्हणून तोही जाणार, आणि तिच्या हाताखालून पास झालेल्या दोनशे बारा जणांवर परत परीक्षा येणार. फराज तर संपलाच. गप्प बसली तर कुणाला काही कळणार नव्हतं. वाक्य ओळखणारी जगात ती एकटीच होती.

शनिवारी इमादने तिला जनाबिया भागातल्या आपल्या बंगल्यावर बोलावून घेतलं. तिला वाटलं, यालाही कळलं. त्यालाही घाम फुटला असेल. गेली तर साहेब खुशीत. गावा, म्हणजे अरबी कॉफी, ओतली, खजूर पुढे केले. त्याने ते रेकॉर्डिंग ऐकलं होतं, आणि त्याच्या डोक्यात एक कल्पना आली होती. एवढी गाजलेली घटना आहे, बोर्ड यावर नवीन चित्र काढणारच. तेव्हा आपण आधीच उत्तर तयार ठेवायचं.

“पासष्टावं, मॅडम,” तो हसत हिंदीत म्हणाला. “तीन तारे. दोन दिवसांत द्या, खलास.”

तिने सांगितलं की तो आवाज फराजचा आहे, आणि वाक्य आपल्या पुस्तिकेतलं आहे. इमादने मागे वळून दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, हळू बोला. आणि नीट विचार केला तर म्हणे ही आपल्या सेंटरची जाहिरातच आहे. एवढ्या वादळात माणूस एक चूक न करता बोलला. विमानं आपटली नाहीत ना? मफी मुश्किल, काही अडचण नाही.

खजुराची बी तिच्या तोंडात होती. ती तिने त्याच्या काचेच्या टेबलावर ठेवली, बशीत नाही, आणि उठली.

पण माणूस इतक्या सहज सुटत नाही. घरी येऊन तिने लॅपटॉप उघडला तो बोर्डाला पत्र लिहायला. कागद कोरा, डोकं सुन्न, आणि बोटं आपोआप चालायला लागली. ‘इन धिस पिक्चर आय कॅन सी अ कार्गो एअरक्राफ्ट स्टँडिंग इन अ डस्ट स्टॉर्म.’ दुसरी ओळही झाली. छान जमली होती. तिसऱ्या ओळीला तिच्या ध्यानात आलं की आपण पासष्टावं उत्तर लिहितोय. तिने हात असे झटकले की जणू काही चिकटलंय. स्वतःच्या बोटांची इतकी शिसारी माणसाला येऊ शकते, हे तिने नंतर सांगितलं तेव्हा ऐकणाऱ्याच्याही अंगावर काटा आला.

रविवारी सकाळी फराज स्वतः सेंटरवर आला. हलव्याचा डबा होताच. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. चौकशी बसली होती, उडणं बंद होतं, आणि चौकशीवाल्यांनी इंग्रजीची परीक्षा परत घ्यायचं ठरवलं होतं. तो तिला हिंदीत सांगत होता की घरी तीन मुलं आहेत, मोठीची फी भरायची आहे. त्याचा बिचाऱ्याचा तिच्यावर एवढा विश्वास, की आपण संकटात कशामुळे आलो हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याला नवा सेट हवा होता. मॅडम, दोन दिवसांत पाठ करतो.

स्मिताने त्याला खिडकीशी नेलं. खाली कोल्ड स्टोअरपुढे पिवळा पाण्याचा टँकर उभा होता. एक बाई खुबूसची, म्हणजे अरबी रोट्यांची, पिशवी घेऊन चालली होती. गाडीच्या बॉनेटवर मांजर झोपलं होतं.

“बाहेर काय दिसतंय ते मला इंग्रजीत सांगा,” ती म्हणाली. “पुस्तिका नाही. जे दिसतंय तेच.”

फराजने घसा साफ केला. “इन धिस पिक्चर आय कॅन सी,” तो म्हणाला आणि थांबला. त्याची नजर खाली भिरभिरली आणि टँकरवर जाऊन टेकली. तिथून मात्र गाडी सुसाट सुटली. आय कॅन सी अ फायर इंजिन. फायरमन फेस मारत आहेत, प्रवासी घसरगुंडीवरून शिस्तीत उतरत आहेत, दोन जखमींना ॲम्ब्युलन्समध्ये नेत आहेत. चाळीस नंबर, दोन तारे. बाई नाही, खुबूस नाही, मांजर नाही. शेवटी काइंड को-ऑपरेशनबद्दल आभार मानून त्याने तिच्याकडे पाहिलं, अगदी दहावीतल्या मुलासारखं.

“ठीक था, मॅडम?”

मदत करू शकत नाही एवढं सांगून तिने त्याला जिन्यापर्यंत सोडलं. डबा परत दिला. तो घेत नव्हता, तिने हातात कोंबला. वर येऊन तिने गुलाबी पुस्तिकेचं एक एक पान स्कॅन केलं.

पाठवायच्या आधी पत्र तिने शैलेंद्रला वाचून दाखवलं, ओळीओळीचं मराठी करून. फार साहेबी लिहिलं होतं. काही प्रश्न उमेदवारांपर्यंत पोहोचले असण्याची शक्यता आहे, असं काहीतरी. शैलेंद्रने तिला तिथेच अडवलं.

“शक्यता कसली? तू दिलेस ना?”

“दिले.”

“मग ‘मी दिले’ असं लिही. आपल्या घरात तोंड लपवून कुणी बोललेलं नाही.”

तिने तसं लिहिलं. पहिलं नाव स्वतःचं, मग सेंटरचं, मग किती वर्षं आणि किती माणसं. दोनशे बारा जणांची नावं तिने दिली नाहीत. ती बोर्डाकडे होतीच. तिने बटण दाबलं तेव्हा थोरला तिच्या खुर्चीमागे उभा होता. हे कुणी विचारलेलं नाही, पण सांगायला हवं.

बोर्डाचं उत्तर तीन ओळींचं आलं. कळवल्याबद्दल आभारी आहोत, संबंधित प्रमाणपत्रं फेरपरीक्षेपर्यंत स्थगित, चित्रं बदलली जातील. आठ वर्षं तीच चौसष्ट चित्रं फिरवत का बसलात, याबद्दल एक अक्षर नाही. इमादने तिसऱ्या दिवशी तिचा व्हिसा रद्द करायला टाकला आणि महिन्याभरात दुसऱ्या गल्लीत दुसऱ्या पाटीखाली नवीन सेंटर काढलं. तिथे म्हणे पुस्तिकेचं कव्हर निळं आहे. तारे तेच.

आणि लोक. जे मॅडम-मॅडम करत जिन्यात उभे राहायचे ते ग्रुपवर तिला नाही नाही ते बोलले. एकाने लिहिलं, बाईने पैसे खाऊन दगा दिला. कुणी म्हणालं, नोकरीवरून काढलं म्हणून सूड घेतला. विमानातल्या त्या दीडशे माणसांचं नाव एकाच्याही तोंडी आलं नाही. शैलेंद्रला कारखान्यात एका सुपरवायझरने खोचकपणे विचारलं, काय, बहीण आता पायलटांना बोलायला शिकवत नाही वाटतं? थोरल्याने सांगितलं, नाही, आता ती गप्प बसायला शिकवते, तुम्हाला पाठवू का?

निघायला चार दिवस राहिले होते. स्मिता शैलेंद्रच्या हॉलमध्ये बॅगांच्या मधे फतकल मारून बसली होती, पुस्तकं एका बाजूला, कपडे एका बाजूला. दुपारचा दीड वाजला असेल. फोन वाजला. हात कपड्यांत होते म्हणून तिने स्पीकर लावला.

फराज होता. फेरपरीक्षेत नापास झाला होता. लायसन्स गेलं होतं.

“नो हिंदी,” तो म्हणाला. “हिंदी आय स्पीक विथ माय मॅडम. यू आर नॉट माय मॅडम.”

आणि मग तो बोलायला लागला. शब्द मागेपुढे, क्रियापदं गायब, मधेच श्वास अडकायचा, मधेच चुकीचा शब्द टाकून पुढे जायचा. फर्स्ट यू गिव्ह मी, देन यू गो पोलीस. माय डॉटर सिट होम. माय वाइफ नो लुक मी. दॅट डे आय सी नथिंग. ऑल ब्राऊन. मॅन आस्क, आस्क, व्हेरी फास्ट. आय डोंट नो व्हेअर आय ॲम. आय अफ्रेड. आय वाँट से, आय लॉस्ट. बट माय माउथ, ओन्ली युवर लाइन कम. ओन्ली युवर लाइन.

शैलेंद्रला इंग्रजी जेमतेम, पण हे त्याला सगळं समजलं. मधे एक शिवी आली तीही समजली. त्याचं डोकं सणकलं. त्याच्या घरात बसलेल्या त्याच्या बहिणीला कुणी असं बोलायचं? त्याने फोनकडे हात नेला.

“दे इकडे. मी बघतो त्याच्याकडे.”

स्मिताने त्याचं मनगट धरलं. तिच्या मांडीवर एक अर्धवट घडी घातलेली साडी होती, ती तिने तशीच घट्ट धरून ठेवली होती.

“बोलू दे, दादा,” ती म्हणाली.

फराज बोलतच राहिला, त्याच्या त्या मोडक्या इंग्रजीत, चांगली दहा-अकरा मिनिटं. ती ऐकत राहिली. एकदाही तिने त्याला दुरुस्त केलं नाही.